निरंक लिहिणारे श्यामराव

श्यामराव पोतनिसांनी आयुष्यात सर्वांत जास्त वेळा कोणता शब्द लिहिला असेल, तर तो स्वतःचं नाव नव्हे. सरकारी नोकरीत माणूस सह्या करून थकतो असं लोक समजतात. पण सहीचा अधिकार श्यामरावांना फार उशिरा मिळाला. त्याआधी सत्तावीस वर्षं ते 'निरंक' लिहीत होते.

हा शब्द सरकारी कचेरीबाहेरच्या वाचकाला कदाचित ठाऊक नसेल. कचेऱ्यांत एखादी गोष्ट नाही, घडली नाही, आढळली नाही, असं कळवायचं असेल तर 'निरंक' लिहितात. साधं शून्य लिहिलं तर त्याच्यापुढे कोणी एखादा आकडा चिकटवून देईल अशी धास्ती असते. निरंकाला काही चिकटत नाही. मोठा सभ्य शब्द आहे, आणि श्यामरावांचं अक्षरही सभ्य होतं.

पोतनिसांचं घर रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात, म्हणजे आमच्याच मोहल्ल्यात; इकडे मोहल्ल्याला पारा म्हणतात. भोसल्यांच्या अमलात यांचा कोणी पूर्वज कारकून म्हणून नागपुराहून आला आणि त्यानंतर घराण्यात कारकुनीशिवाय दुसरं काही कोणाला सुचलं नाही. श्यामराव एक्याऐंशी साली एका खात्यात लागले. खात्याचं नाव सांगत नाही. रोगराईचे आकडे गोळा करण्याचं काम तिथे चाले एवढं पुरे. दोन हजार साली नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, आणि काल जिल्ह्याचं असलेलं टेबल आज राज्याचं झालं. टेबल तेच, खुर्ची तीच, फक्त आता दर शनिवारी दुपारी चारपर्यंत राज्यातल्या दीडशेच्या आसपास विकासखंडांचे, म्हणजे तालुक्यांसारख्या भागांचे, आकडे त्यावर येऊन पडू लागले. कुठे किती हिवताप, किती कावीळ, किती उलटी-दस्त, म्हणजे उलट्या-जुलाब. श्यामराव ते एका मोठ्या तक्त्यात भरत आणि तक्ता साहेबांकडे जाई.

साहेबांना रिकामी चौकट चालत नसे. संगणक आल्यावर तर रिकामी चौकट लाल दिसू लागली, आणि लाल रंग वरच्या मजल्यावरूनही दिसतो. मग ज्या ठिकाणचा अहवाल आलाच नाही, तिथे काय लिहायचं? श्यामरावांच्या आधीच्या बाबूंनी ते ठरवून ठेवलं होतं. निरंक. अहवाल आला नाही म्हणजे सांगण्यासारखं काही नसेल. सांगण्यासारखं असतं तर कळवलं नसतं का?

दोन हजार चार सालच्या ऑगस्टमध्ये एका दूरच्या विकासखंडाचा अहवाल सलग तीन शनिवार आला नाही. श्यामरावांनी तीनदा निरंक लिहिलं. चौथ्या आठवड्यात कळलं की तिथल्या दोन गावांत उलटी-दस्तानं सतरा माणसं गेली, आणि अहवाल पाठवणारा कर्मचारी स्वतःच पहिल्या आठवड्यापासून आडवा पडला होता. चौकशी झाली. चौकशीत कोणाचाही दोष आढळला नाही, कारण कागद सगळे पूर्ण होते. पुढच्या पंधरा ऑगस्टला श्यामरावांना 'शतप्रतिशत समयबद्ध जानकारी' दिल्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं. विनोदिनीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, ते कौतुकानं चौकटीत बसवून भिंतीवर लावलं. आठ दिवसांनी ते भिंतीवर नव्हतं. तांदळाच्या कोठीखाली ओल येत होती, तिथे सापडलं. बाईंनी विचारलं नाही. काही गोष्टी संसारात विचारत नाहीत, त्यांवर कोठी ठेवतात.

दोन हजार एकोणीसला श्यामराव निवृत्त झाले आणि पुढच्या वर्षी करोना आला. आकड्यांचा माणूस घरी बसला आणि सगळा देश आकडे पाहू लागला.

त्या वर्षी आमच्या पाऱ्यात औषधांना तोटा नव्हता, रोग तेवढा नवा होता. श्यामरावांचा बालमित्र पांडुरंग, गोलबाजारात ज्याचं भांड्यांचं दुकान, त्यानं पितळी पातेल्यात काढा उकळून गल्लीभर वाटायला सुरुवात केली. सप्टेंबरात रायपुरात आजारानं कहर केला, नोव्हेंबरात तो ओसरला, आणि पांडुरंगानं ते श्रेय काढ्याला दिलं.

"आपल्या गल्लीत एकशेदहा घरं," तो श्यामरावांच्या ओट्यावर बसून म्हणाला, "अन् नोव्हेंबरात फक्त दोन केसेस. बोल आता बाबू!"

"अन् ज्या गल्लीत तुझा काढा गेला नाही, तिथं किती?"

"मले काय मालूम? मी तिथं कायले जाऊ?"

"मंग झालं," श्यामराव म्हणाले. "नोव्हेंबरात सगळीकडंच कमी झाल्या बे. तू काढा पीत होता, मी चहा पीत होतो. समोरचा तिवारी कायकाय पीत होता ते तुले माहीतच आहे. सगळ्यांनीच करोना घालवला."

हे बोलताना श्यामरावांच्या आवाजात विजय नव्हता. ज्या गावाचं काही कळलेलं नाही, तिथे सगळं ठीक आहे असं गृहीत धरण्याची किंमत त्यांना ठाऊक होती. पांडुरंगाला ती ठाऊक नव्हती. सतरा माणसांची गोष्ट श्यामरावांनी त्यालाही सांगितलेली नव्हती.

डिसेंबरात तेलीबांध्याच्या बाजूला एका खाजगी रुग्णालयात लसीच्या चाचणीसाठी माणसं हवीत अशी खबर आली. श्यामराव गेले. घरी सांगितलं ते येताना भाजी काय आणू असं विचारावं तसं, दारातून.

तिथे अनुश्री नावाची एक तरुण समन्वयक होती. घरचं मराठी कळणारी पण हिंदीतच उत्तर देणारी, इथल्या आजच्या पोरींसारखी. तिनं सोळा पानी संमतिपत्र पुढे ठेवलं. श्यामरावांनी ते सगळं वाचलं आणि दोन शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या. ती म्हणाली, "अंकल, आज तक किसी ने पूरा पढ़ा नहीं था." मग तिनं समजावलं: निम्म्या लोकांना लस मिळणार, निम्म्यांना तशीच दिसणारी पण बिनलसीची सुई. कोणाला काय मिळालं हे टोचून घेणाऱ्यालाही कळणार नाही आणि टोचणारीलाही नाही. नंतर दोन्हीकडचे किती आजारी पडतात ते मोजायचं. आजारी पडलेल्यांची संख्या एका ठरलेल्या आकड्यापर्यंत पोचली की मगच हिशेब उघडायचा.

मग तिनं एक वही दिली. तापमान, खोकला, अंगदुखी, वास, असे रकाने. आणि म्हणाली, "एक बात याद रखना अंकल. जो हुआ वो लिखना. जो नहीं पता, वो जगह खाली छोड़ देना. खाली जगह से हमको डर नहीं लगता."

श्यामराव घरी आले ते वही छातीशी धरून. "विनू," ते म्हणाले, "अडतीस वर्षं नोकरी केली. असं मले कोणी म्हटलं नाही."

"काय म्हटलं?"

"रिकामी सोड म्हणे."

विनोदिनीबाईंना वाटलं, काही तरी खाण्यापिण्याचं पथ्य असेल. पण नवऱ्याचा चेहरा त्यांनी इतक्या वर्षांत असा पाहिला नव्हता. त्या माणसाला एकदा तरी, एका तक्त्यात तरी, खरा आकडा भरायचा होता. एवढीच हाव होती, आणि ती त्रेसष्टाव्या वर्षी पुरी होण्याची वेळ आली होती.

पांडुरंगाला हा प्रकार मुळीच पटला नाही.

"म्हणजे निम्म्या लोकायले पाणी टोचून सोडून देऊन राहिले? अन् तू खुशीनं जाऊन राहिला? अबे, लोक मरून राहिले, अन् तुमचं पाणी अन् दवाई चालू! गोलबाजारात मी कोणाले चांदी सांगून जर्मन विकलं तं दुकान फोडतील."

"पाण्यावाले नसले तं तुलना कशाशी करशीन?"

"तुलना कशाला पाहिजे? दवाई चांगली असन तं सगळ्यायले द्या."

"चांगली आहे हे कशावरून?"

"कंपनी म्हणून राहिली ना."

"तू पण म्हणत होता ना काढ्याचं. अन् तू तं कंपनीपेक्षा जुना." मग म्हणाले, "घाई आहे म्हणूनच हे लागते, पांडू. धावपळीत माणूस दिसेल ते खरं समजतो. मी समजलो आहे."

कधी, कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही. पांडुरंगानंही विचारलं नाही. तो निघताना एवढंच म्हणाला, "ठीक आहे. तुमचा आकडा येऊ दे. तू त्यात आहे म्हणून म्हणतो. तुझा आकडा पाहूनच मी टोचून घेईन. कंपनीवर माझा भरोसा नाही, तुझ्यावर आहे."

सात डिसेंबरला पहिली सुई, चार जानेवारीला दुसरी. पहिल्या सुईनंतर श्यामरावांचा दंड दोन दिवस दुखला आणि त्यांनी ते तासागणिक लिहिलं. दुखणाऱ्या दंडावरून त्यांनी असाही निष्कर्ष काढला की आपल्याला खरी लस मिळालेली आहे. सुई दंडात घातली की पाण्यानंही दुखतं, ही शंका एका सांख्यिकी बाबूला यायला हवी होती. नाही आली. दर सोमवारी अनुश्रीचा फोन येई, "अंकल, कोई बुखार, खाँसी?" आणि ते ऐटीत सांगत, "निरंक, बेटा." तिला त्या शब्दाचं हसू येई. ते निरंक खरे होते. आयुष्यातले बहुधा पहिलेच.

फेब्रुवारी आला. करोना गेला असं सगळे म्हणत होते, तोंडावरच्या पट्ट्या हनुवटीवर आल्या होत्या. बारा तारखेला, शुक्रवारी संध्याकाळी, श्यामरावांना कणकण आली. शनिवारी ताप एकशेएक. रविवारी ताप उतरला, पण अंग ठणकत होतं.

रविवारी सकाळी विनोदिनीबाई फोडणीसाठी मिरच्या तळत होत्या. ठसक्यानं त्या स्वतः शिंकल्या, शेजारची मांजर उठून गेली, आणि श्यामराव स्वयंपाकघराच्या दारात शांतपणे वर्तमानपत्र वाचत बसले होते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग हिंगाची डबी उघडून त्यांच्या नाकाखाली धरली.

"काय आहे हे?"

"काय म्हणजे?"

"वास घ्या अन् सांगा."

श्यामरावांनी मोठा श्वास घेतला. "तीळ," ते म्हणाले.

बाईंनी डबी बंद केली. "त्या पोरीले फोन करा."

"साधा ताप आहे विनू. उतरला पण."

"मंग तसं लिहा. काहून लपवून राहिले?"

श्यामराव उठले, दाराची कडी लावली, जणू बाहेर चाचणीवाले उभे होते. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या हिशेबी त्यांना खरी लस मिळाली होती. लस घेतलेला माणूस आजारी पडला असं वहीत गेलं, की लसीच्या नावावर एक फुली पडणार. लस चांगली आहे, त्यांना खात्री होती. मग आपल्या एका साध्या तापानं तिचा आकडा काहून पाडायचा? तिकडे पांडुरंग त्याच आकड्याची वाट पाहत होता. आकडा जरा बरा आला तर तो म्हातारा टोचून तरी घेईल.

"त्याच्या भल्यासाठीच करून राहिलो," ते म्हणाले.

विनोदिनीबाई शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या. त्या म्हणाल्या, "तुम्हाला कोणती सुई भेटली हे तुम्हाला कुठं माहीत आहे?"

श्यामरावांनी पेन उघडलं. वहीच्या तीन रकान्यांत, तीन दिवसांसाठी, आपल्या सुंदर अक्षरात त्यांनी निरंक लिहिलं. बारा, तेरा, चौदा फेब्रुवारी. सोमवारी फोन आला. बाई शेजारीच उभ्या होत्या.

"अंकल, कोई बुखार, खाँसी? गंध वगैरह ठीक?"

"निरंक, बेटा."

अनुश्री हसली आणि तिनं फोन ठेवला. बाई मात्र दोन दिवस बोलल्या नाहीत. नंतर चार दिवस त्यांनाही खोकला झाला, तो आपोआप गेला. पुढे त्या एकदा मला म्हणाल्या, "मी तं त्यायच्या ट्रायलमध्ये नव्हतीच. माझा खोकला कोणत्याच वहीत नाही." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. नुसती माहिती होती.

मार्चमध्ये साठीवरच्या लोकांना लस मिळू लागली. चाचणीतल्या ज्यांची पाळी आली, त्यांना त्यांनी विचारल्यास कोणती सुई मिळाली ते सांगायचं, म्हणजे बिनलसीवाल्यांना खरी लस घेता येईल, असं ठरलं. सतरा मार्चला श्यामराव तेलीबांध्याला गेले. खिडकीतून तलाव दिसत होता. अनुश्रीनं एक कागद पाहिला आणि हसून म्हणाली, "अंकल, आपको प्लेसीबो मिला था. मतलब सिर्फ पानी समझ लो. अब आप असली वाला ले सकते हो, आज ही."

श्यामरावांनी पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. मग त्यांनी विचारलं, "बेटा, ये पानी वाले जो बीमार पड़ते हैं, उनका क्या करते हो?"

"अरे अंकल, उन्हीं से तो पता चलता है! पानी वाले ज़्यादा बीमार पड़ें और टीके वाले कम, तभी तो बोलेंगे कि टीका काम करता है. पानी वाला एक भी बीमार छूट गया तो टीका बेचारा जितना अच्छा है, उससे कम दिखेगा."

लसीला वाचवायला निघालेल्या माणसानं लसीचीच साक्ष लपवली होती. श्यामरावांनी तिथेच, तिच्या टेबलापाशी, सगळं सांगितलं. ताप, एकशेएक, हिंग, तीळ. हिंदीत सांगायला सुरुवात केली आणि मध्येच मराठीवर आले.

अनुश्री हसली नाही. "अंकल," ती म्हणाली, "उस दिन बताते तो हम घर आकर स्वाब लेते." तिनं डोळे पुसले की नुसता चष्मा, ते श्यामरावांना सांगता येत नाही. "अब एक महीने बाद कुछ नहीं निकलेगा. केस नहीं बनेगा. सिर्फ नोट बनेगा."

"नवीन पान दे," श्यामराव म्हणाले. "मी पूर्ण वही नीट उतरवून देतो. नाही तं पांढरी शाई आहे का? मी असं मिटवतो, कळणार पण नाही." हे बोलत असताना त्यांना स्वतःलाच ऐकू आलं असावं, कारण वाक्य त्यांनी अर्ध्या आवाजात संपवलं. कचेरीत असंच करत. चुकलेलं पान फाडत, पांढरी शाई लावत, आणि वरून नवं लिहीत. रजिस्टर बाहेरून अगदी निर्मळ दिसे.

"नहीं अंकल. मिटाना नहीं." तिनं पेन त्यांच्या हातात दिलं. "एक सीधी लाइन खींचो, बस एक. नीचे वाला शब्द पढ़ने में आना चाहिए. बाजू में सही लिखो, साइन करो, आज की तारीख डालो."

श्यामरावांनी तीन रेघा मारल्या. प्रत्येक रेघेखाली निरंक वाचता येत होतं. बाजूला ताप, ताप, वास नाही. तीन सह्या, तीन तारखा. सगळं खोटं आणि सगळं खरं एकाच कागदावर, कोणाच्याही नजरेला पडेल असं. त्यांनी आयुष्यात असा घाणेरडा कागद कधी तयार केला नव्हता.

त्याच दिवशी त्यांनी लस घेतली आणि तिथून थेट गोलबाजारात गेले. पांडुरंगाला आता कोणत्याही आकड्याची वाट न पाहता लस घ्यायला लावायची, एवढंच डोक्यात होतं. पांडुरंग दुकानात स्टीलचे डबे एकात एक बसवत होता.

"घेऊन टाक पांडू. मी आजच घेतली."

"तू? तुले तं डिसेंबरातच भेटली ना?"

श्यामरावांना इथे गप्प राहता आलं असतं. ती संधी त्यांना डोळ्यांसमोर दिसली, असं ते सांगतात. पण त्या दिवशी ते नुकतेच तीन रेघा मारून आले होते आणि खरं बोलण्याचा झपाटा अजून उतरला नव्हता. त्यांनी पांडुरंगाला सगळं सांगितलं. पाणी, ताप, आणि वहीतलं निरंक.

पांडुरंग हातातला डबा तसाच धरून ऐकत होता. मग हसला. मोठ्यानं, दुकानात गिऱ्हाईक होतं तरी.

"म्हणजे आकडे तुझ्यासारखेच लोक भरून राहिले! मंग तं मी मुळीच घेत नाही."

"अरे एकच होता. अन् मी दुरुस्त केला."

"एकच सापडला म्हण. गिऱ्हाईकाले एक भांडं वजनात कमी दिसलं ना बाबू, तं तो बाकीची तोलत नाही. पायऱ्या उतरून जातो."

"हजारो लोक आहेत त्यात पांडू. माझ्यासारखा एखादा लबाड निघन, हे धरूनच इतके हजार घेतले आहेत. माझं खोटं त्यायनी पुसू नाही दिलं, तसंच ठेवलं लिहून. तुझ्या काढ्याची कोणती वही आहे?"

"काढ्यानं मले कधी खोटं नाही सांगितलं," पांडुरंग म्हणाला. मग मित्राचा उतरलेला चेहरा पाहून जरा नरमला. "बरं, पाहू. आकडा येऊ दे. मार्चअखेर दुकानाची मोजदाद आहे, मंग एप्रिलमध्ये पाहू."

एप्रिलमध्ये जे पाहायला मिळालं ते रायपूरकरांना सांगायची गरज नाही. नऊ तारखेपासून शहर बंद झालं. पांडुरंगाला सात तारखेला ताप आला. त्यानं पहिले चार दिवस काढा घेतला, पाचव्या दिवशी पलंग मिळाला, आणि एकोणीसला, सोमवारी, तो गेला. श्यामरावांना जाता आलं नाही. कोणालाच जाऊ देत नव्हते. त्या सोमवारी अनुश्रीचा नेहमीचा फोन आला. "अंकल, बुखार, खाँसी?"

श्यामराव म्हणाले, "मुझे कुछ नहीं हुआ बेटा." निरंक हा शब्द त्यांनी वापरला नाही, आणि तिनंही त्याची आठवण काढली नाही.

लसीचा आकडा नंतर आला. चांगला आला. श्यामरावांचा ताप त्यात नव्हता आणि त्यावाचून आकड्याचं काही अडलं नाही. मी त्यांना तसं म्हटलंही. हजारोंच्या चाचणीत एका वहीनं काय होतं? ते म्हणाले, "आकड्याचं काही नाही झालं. आकडा मजबूत असते. त्यायनी तो तसाच बनवला असते." मग पुढे म्हणाले: "पांडू आकडा पाहून घेणार नव्हता हो. तो मले पाहून घेणार होता. तिथं मी एकटाच होतो."

मार्चच्या मध्यावर लस घेतली असती तर तो वाचला असता का, हे कोणी सांगू शकत नाही. एका माणसावर चाचणी होत नाही. श्यामरावांना हे माझ्यापेक्षा नीट कळतं, आणि त्याचा त्यांना काडीइतका उपयोग होत नाही.

चाचणीचा पाठपुरावा वर्षभर चालला. श्यामरावांनी एकही सोमवार चुकवला नाही. ज्या दिवशी तापमान घ्यायचं राहिलं, त्या दिवशी रकाना रिकामा सोडला. शेवटच्या भेटीला अनुश्रीनं वही परत घेताना पानं चाळली आणि म्हणाली, "अंकल, आपकी डायरी सबसे ईमानदार है." श्यामरावांनी तिला फेब्रुवारीचं पान उघडून दाखवलं आणि म्हणाले, "ये वाला पन्ना छोड़के मत बोलना."

मग त्यांनी एक काम केलं, जे त्यांच्या घराण्यात कोणी केलं नसेल. जुन्या खात्याला अर्ज लिहिला. दोन हजार चार, ऑगस्ट, अमुक विकासखंड, तीन आठवडे: तिथे निरंक लिहिलेलं आहे, ते चुकीचं आहे, लिहिणारा मी आहे, कृपया तिथे 'जानकारी प्राप्त नहीं हुई' अशी दुरुस्ती करावी आणि नंतर कळलेले सतरा मृत्यू नोंदवावेत. सही, तारीख, निवृत्तीच्या वेळचं पद. विनोदिनीबाईंनी अर्ज दोनदा वाचला. कोठीखालच्या प्रशस्तिपत्राचा अर्थ त्यांना सतरा वर्षांनी तिथे कळला. "मले सांगितलं असतं तं," एवढंच म्हणाल्या, आणि पोस्टात टाकायला स्वतः गेल्या.

पाच महिन्यांनी उत्तर आलं. एका ओळीचं, नीट टाइप केलेलं, वेळेत म्हणता येईल इतक्या वेळेत. 'आपके पत्र के संदर्भ में, चाही गई जानकारी निरंक है.'

श्यामराव रागावतील असं मला वाटलं होतं. ते हसलेही नाहीत. त्यांनी पेन काढलं, पत्र गुडघ्यावर ठेवलं, आणि निरंकवरून एक सरळ रेघ मारली. एकच. खालचा शब्द स्पष्ट दिसत होता. बाजूला लिहिलं, सतरा. थोडं थांबून, त्याच्याखाली पांडुरंगाचं नाव. सही केली, तारीख घातली.

"हे आता कोणाले पाठवणार?" विनोदिनीबाईंनी विचारलं.

"कोणाले नाही," श्यामराव म्हणाले, आणि कोठीखालचं प्रशस्तिपत्र ओढू लागले; त्या चौकटीत आता हे पत्र बसायचं होतं. खिळा अजून भिंतीत होता.

"सरकवू लागू का कोठी?" बाई म्हणाल्या.

"हव," ते म्हणाले. "जड आहे."